बेस्ट ऑफ फाइव्ह आणि आपली पोरं

2009 मध्ये मोहन्यात एनआरसीला टाळं लागलं. पगार थांबले, पोरांची दहावी थोडीच थांबणार होती? त्या वर्षीची बॅच ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ची पहिली. सहापैकी जास्त गुणांचे पाच विषय धरून टक्के काढायचे. आयसीएसईशी बरोबरी व्हावी, शिवाय ताण कमी व्हावा. जानेवारी 2010 मध्ये विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या लागोपाठ येत होत्या.

पण आयसीएसईचे पालक हायकोर्टात गेले. जूनमध्ये हायकोर्टाने निर्णय रद्द केला, जुलैत सुप्रीम कोर्टाने उचलून धरला. तोवर अकरावीचे प्रवेश लटकलेले. ताण घालवायला आणलेल्या योजनेनेच घराघरातली झोप उडवली, असं माझं मत! टक्के वाढले, कटऑफही चढले.

2015 पासून फेरपरीक्षा जुलैत होऊ लागली, नापासांचं वर्ष वाचलं. हा खरा दिलासा. पण पोरांशी बोलणार कोण? जुलै 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक हवाच. मंडळी, पुढच्या पालकसभेत एवढं विचारा: आपल्या शाळेत तो कोण, कुठल्या वारी भेटतो? आणि पोरगं गप्प गप्प राहत असेल तर ‘टेलिमानस’चा नंबर 14416. फोन फुकट, रात्रीही लागतो.