सी-फोर जनुक आणि स्किझोफ्रेनिया

सी-फोर : सहाव्या गुणसूत्रावरील, रोगप्रतिकारशक्तीशी निगडित जनुक. त्यापासून बनणारे प्रथिन जंतूंवर खूण करते आणि भक्षक पेशी त्या खुणेवरून त्यांना गिळतात. मेंदूतही हीच यंत्रणा चालते. वाढीच्या वयात चेतापेशींमधले जोड, म्हणजे चेतासंधी, गरजेपेक्षा जास्त तयार होतात. नको असलेल्या संधींवर खूण बसते आणि मायक्रोग्लिया या मेंदूतल्या भक्षक पेशी त्या फस्त करतात. ही छाटणी निरोगी मेंदूला आवश्यकच असते. पौगंडावस्थेत ती अती झाली तर स्किझोफ्रेनिया उद्भवत असावा, असा तर्क अर्विन फाइनबर्ग यांनी १९८२ मध्येच मांडला होता. त्याला जनुकीय आधार मिळायला मात्र २०१६ उजाडले. स्टीव्हन मॅकॅरॉल, बेथ स्टीव्हन्स व सहकाऱ्यांनी सुमारे २८,८०० रुग्ण आणि ३६,००० निरोगी व्यक्तींची जनुकीय माहिती तपासली. सी-फोरचे ए आणि बी असे दोन प्रकार असतात व त्यांच्या प्रती माणसागणिक कमीजास्त असतात. प्रतींच्या ज्या रचनेमुळे मेंदूत ए प्रकार अधिक बनतो, तिच्याबरोबर आजाराचा धोकाही वाढलेला आढळला. सी-फोर नसलेल्या उंदरांत छाटणी कमी झाली. पुढे मानवी सी-फोर-ए जादा बनवणाऱ्या उंदरांत ती वाढली.

गुणसूत्राच्या या भागातली जनुके पिढ्यान्‌पिढ्या गठ्ठ्याने वारशात येतात, तेव्हा खरा दोषी एखादा शेजारी कशावरून नसेल, ही शंका रास्त आहे. धोक्यात शेजाऱ्यांचाही वाटा असू शकतो. पण सी-फोरच्या निरनिराळ्या रचनांमधला धोका ए प्रकाराच्या निर्मितीच्या प्रमाणात चढत जातो आणि उंदरांवरचे प्रयोग त्याच दिशेने बोट दाखवतात. एवढा मेळ केवळ शेजारामुळे जुळणे अवघड आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : अति छाटणीची खूण म्हणून रुग्णांच्या मेंदूच्या पातळ बाह्यकाकडे, म्हणजे बाहेरच्या थराकडे, बोट दाखवले जाते; पण ते पातळ दिसते ते औषधांमुळे तर नव्हे? अतिजोखमीच्या तरुणांवरील २०१५ च्या उत्तर अमेरिकी अभ्यासात, ज्यांना पुढे मनोविकृती जडली त्यांच्या अग्रखंडाचे बाह्यक इतरांपेक्षा वेगाने पातळ झाले आणि मनोविकृतीविरोधी औषधे कधीही न घेतलेल्यांतही तो फरक दिसला. म्हणजे सगळा दोष औषधांवर ढकलता येत नाही. तरीही एमआरआय जाडी मोजतो, चेतासंधी मोजत नाही. जनुकापासून छाटणीपर्यंतचा दुवा भक्कम आहे; छाटणीपासून पातळ बाह्यकापर्यंतचा, आणि तिथून भ्रम-भासांपर्यंतचा, अजून कच्चा आहे, आणि हा फरक पुसून टाकणे रुग्णांवर अन्याय करणारे ठरेल.

सी-फोरचे प्रकार ल्युपस या स्वप्रतिकार रोगापासून काहीसे संरक्षणही देतात, असे २०२० मध्ये दिसून आले. त्यांना सरसकट ‘सदोष जनुक’ म्हणणे म्हणूनच चूक. सर्वाधिक जोखमीच्या रचनेनेही स्किझोफ्रेनियाचा धोका जेमतेम सव्वापट होतो. सी-फोर तपासून कोणाला हा आजार होईल, हे सांगता येत नाही.