बरळणाऱ्या आजोबांचा चष्मा कुठे आहे?

दवाखान्यात दाखल झालेला वृद्ध माणूस दुसऱ्या-तिसऱ्या रात्री बरळू लागतो, सलाइनची नळी ओढतो, पोटच्या मुलाला ओळखत नाही. वॉर्डात त्यावर एकच निदान ऐकू येतं: ‘वय झालंय, असं व्हायचंच.’ नातेवाईकही मान डोलावतात. मग हात खाटेला बांधले जातात, झोपेचं इंजेक्शन दिलं जातं आणि प्रश्न मिटला असं सगळे समजतात.

हा पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. उतारवयात मेंदूची राखीव ताकद कमी होते हे खरं. लघवीतला जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, पाणी कमी पडणं, काही औषधं यांनी असा भ्रम होतो हेही खरं, आणि या गोष्टी आधी तपासायलाच हव्यात. वैद्यक या अवस्थेला डिलिरियम म्हणतं. तो काही तासांत किंवा दिवसांत उद्भवतो, सकाळी ओसरतो, संध्याकाळी पुन्हा चढतो. वर्षानुवर्षं हळूहळू वाढणारा स्मृतिभ्रंश वेगळा. माझा आक्षेप आहे तो ‘वय झालंय’मधून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाला: वयाला इलाज नाही, सबब करण्यासारखं काही नाही.

वय हेच मूळ कारण असतं, तर तरण्याबांड माणसांना असं काही होताच कामा नये. 1950 च्या दशकात माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात डोनाल्ड हेब यांच्या सहकाऱ्यांनी धडधाकट विद्यार्थ्यांना पैसे देऊन नुसतं पडून राहायला सांगितलं. डोळ्यांवर धुरकट गॉगल, हातांवर पुठ्ठ्याची आवरणं, कानांशी उशी आणि यंत्राची एकसुरी घरघर. बहुतेकांना दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त काढवले नाहीत. विचार एका जागी ठरेनात आणि कित्येकांना नसलेली दृश्यं दिसू लागली. आता मोतीबिंदू असलेल्या, ऐकू कमी येणाऱ्या आजोबांचा चष्मा आणि कानाचं मशीन ‘हरवेल, घरी घेऊन जा’ म्हणून आपणच काढून घेतो, तेव्हा त्यांना कुठे नेऊन ठेवतो याचा विचार व्हावा.

‘ऐकू येत नसेल तर मोठ्यानं बोलतो की आम्ही,’ असं यावर हमखास म्हटलं जातं. हा उपाय बहुतेकदा उलटाच पडतो. उतारवयातल्या बहिरेपणात आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स्वर कानी पडतात. स, श, प, त, क यांसारखी व्यंजनं निसटतात. ओरडण्यानं स्वरच आणखी मोठे होतात, व्यंजनं जिथल्या तिथेच. समजा, मास्क लावलेल्या सिस्टरनं विचारलं, ‘आजोबा, पाठ दुखते का?’ आजोबांच्या कानी ‘-आठ’ एवढंच पोचलं. त्यांनी ते ‘साठ’ असं जुळवून घेतलं आणि उत्तर दिलं, ‘छे, अठ्ठ्याहत्तर.’ केसपेपरवर नोंद झाली: विसंगत बोलणे. इथे बुद्धी पूर्ण शाबूत आहे, किंबहुना तुटक्या ध्वनीतून अर्थ लावण्यासाठी ती राबते आहे. मास्कमुळे ओठही दिसले नाहीत, त्यात त्या माणसाचा काय दोष?

जुन्याजाणत्या परिचारिकांकडे यावर एक साधी युक्ती आहे. स्टेथोस्कोपची टोकं रुग्णाच्या कानांत घालायची आणि दुसऱ्या टोकाशी हळू, नेहमीच्या सुरात बोलायचं. मग आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगायचं. रविवार, शनिवार, शुक्रवार असं नीट मागे जाता आलं, तर मघाशी अडचण कानाची होती असं समजायला जागा आहे. मध्येच धागा सुटत असेल, तर डॉक्टरांना ताबडतोब बोलवावं.

चष्म्या-कानांनी खरंच फरक पडतो का? पडतो. येल विद्यापीठाशी संलग्न रुग्णालयात शॅरन इनोये आणि सहकाऱ्यांनी सत्तरी गाठलेल्या वा ओलांडलेल्या 852 रुग्णांवर केलेला अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. स्मृतीची उजळणी, रात्रीची झोप, हालचाल, पुरेसं पाणी, दृष्टी आणि श्रवण अशा सहा गोष्टींकडे त्यांनी लक्ष दिलं. चष्मा डोळ्यांवर, आवाज मोठा करणारं यंत्र हाताशी, कानातला मळ साफ, इतकी साधी ही कामं होती. नेहमीच्या शुश्रूषेत 15 टक्के रुग्णांना डिलिरियम झाला, या वॉर्डात 9.9 टक्क्यांना. हे श्रेय सहाही गोष्टींचं मिळून आहे, एकट्या चष्म्याचं नव्हे. पण त्याच अभ्यासातली दुसरी बाब मला अधिक बोलकी वाटते: भ्रम एकदा झाला की त्याच्या तीव्रतेत या उपायांनी लक्षणीय फरक पडला नाही. म्हणजे जे करायचं ते पहिल्या दिवशी, भरतीच्या वेळीच. तिसऱ्या रात्री हात बांधून काय साधणार? बांधून ठेवल्यानं तर भ्रमाचा धोका वाढतो.

उरतो मनुष्यबळाचा आक्षेप, आणि तो रास्त आहे. रात्रपाळीला एका सिस्टरवर अख्खा वॉर्ड असतो. ती प्रत्येकाचा चष्मा कुठे पुसत बसणार? पण येलमध्येही ही कामं बरीचशी प्रशिक्षित स्वयंसेवकांनी केली. आपल्याकडे तर खाटेशेजारी चटई टाकून मुलगा, सून नाहीतर नातू बसलेलाच असतो. त्याच्या हातून दागिन्यांबरोबर चष्माही घरी पाठवण्याऐवजी भरतीच्या कागदावर अ‍ॅलर्जीच्या रकान्याखाली आणखी दोन रकाने छापावेत: चष्मा, कानाचं मशीन. ते डबीत घालून, डबीवर खाटेचा नंबर लिहून उशाशी ठेवावेत. सकाळी तोंड धुवून झालं की चष्मा डोळ्यांवर चढवायचा, मशीनचा सेल चालू आहे का बघायचं आणि बोलताना उजेड आपल्या तोंडावर येईल असं समोर बसायचं, एवढं त्या नातवाला दाखवून द्यायला सिस्टरची पाच मिनिटं पुरतात.