लवचिक चुंबक: मेंदूच्या रक्तवाहिनीत वाट काढणारा रबरी धागा कसा वळतो?

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की पक्षाघात होतो आणि प्रत्येक मिनिट मोलाचं ठरतं. काही रुग्णांमध्ये डॉक्टर जांघेतल्या धमनीतून बारीक तार गुठळीपर्यंत नेतात. एक्स-रेच्या पडद्यावर पाहत ती हातानेच पुढे सरकवावी आणि वळवावी लागते. पण तारेचं टोक शरीराबाहेरच्या चुंबकाने वळवता आलं तर? त्यासाठी वाकणारं चुंबक हवं.

लवचिक चुंबक म्हणजे काय?

नेहमीचं चुंबक कडक आणि ठिसूळ असतं. फ्रिजच्या दाराच्या रबरी पट्टीत मात्र लवचिक चुंबक असतं. चुंबकीय भुकटी रबरात किंवा प्लास्टिकमध्ये मिसळून ते बनवतात. संशोधक हीच युक्ती मऊ सिलिकॉन रबर आणि निओडिमियम चुंबकाचे सूक्ष्म कण घेऊन वापरतात.

ते वळतं कसं?

बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावलं की प्रत्येक कण त्या दिशेला वळू पाहतो. रबर त्याला मागे खेचतं. दोन्ही जोर जिथे समान होतात, तिथे आकार स्थिरावतो.

इथे जाडी निर्णायक ठरते. धागा दुप्पट जाड केला, तर वळवणारा जोर चौपट होतो, पण वाकण्याला होणारा विरोध सोळापट वाढतो. म्हणजे धागा सुमारे एक चतुर्थांशच वाकतो. कण वाढवले तर जोर वाढतो, पण रबरही ताठर होतं. त्यामुळे योग्य प्रमाण गणिताने काढावं लागतं.

संशोधन कुठवर आलं आहे?

२०१८मध्ये जर्मनीतल्या मॅक्स प्लँक इन्स्टिट्यूटमध्ये मेटिन सिट्टी यांच्या गटाने सुमारे ४ मिलिमीटर लांबीची रबरी पट्टी चुंबकाच्या जोरावर चालवली, पोहवली आणि उडी मारायला लावली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये शुआनहे झाओ यांच्या गटाने थ्रीडी प्रिंटिंग करतानाच प्रत्येक भागातल्या कणांची दिशा ठरवण्याची पद्धत मांडली. २०१९मध्ये याच गटाने एक मिलिमीटरहून बारीक चुंबकीय धागा मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या सिलिकॉन प्रतिकृतीतून फिरवून दाखवला.

अडचणी कोणत्या?

अंतर वाढलं की चुंबकाचा प्रभाव झपाट्याने घटतो. निओडिमियमचे कण ओलाव्यात गंजतात, म्हणून त्यांना संरक्षक थर लागतो. शिवाय नाजूक रक्तवाहिनीत टोक अंदाजाने वळवून चालत नाही. किती क्षेत्राला ते किती वळेल, हे आधीच अचूक सांगता यायला हवं. म्हणूनच या संशोधनात नव्या पदार्थाइतकंच त्याच्या वाकण्याचं गणितही महत्त्वाचं आहे.