श्रीराम अभ्यंकर आणि 'दोन म्हणजे शून्य'

(अ + ब)चा वर्ग म्हणजे अ-वर्ग अधिक ब-वर्ग, असे कुणी पेपरात लिहिले की आम्ही शिक्षक लाल फुली मारायचो. मधले २अब कुठे गेले? पण मंडळी, गणितात असे एक राज्य आहे जिथे हे उत्तर चक्क बरोबर असते. सम म्हणजे ०, विषम म्हणजे १ धरा. विषम अधिक विषम सम, म्हणून १ + १ = ०. जिथे २च शून्य, तिथे २अब उरणार कुठून? २ऐवजी ३, ५, ७ अशी कोणतीही मूळसंख्या शून्य धरूनही असे राज्य उभे राहते.

या राज्यात आयुष्य घालवणारा मराठी माणूस म्हणजे श्रीराम अभ्यंकर. जन्म १९३०, उज्जैन. वडील गणिताचे प्राध्यापक. मुंबईहून १९५१ साली हार्वर्डला गेले, गुरू मिळाले ऑस्कर झारिस्की. पृष्ठभाग जिथे टोकदार होतो किंवा स्वतःलाच छेदतो त्या जागा बीजगणिताने सोडवायच्या, हा झारिस्कींचा विषय. नेहमीच्या संख्यांसाठी ते झाले होते. या विचित्र राज्यात ते अभ्यंकरांनी पंचविशीत केले.

अडचण काय होती? वर्गसमीकरण सोडवताना श्रीधराचार्य आधी वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणायला सांगतात. (भास्कराचार्यांनी ही रीत आपल्या 'बीजगणिता'त दिली आहे.) पण २ शून्य तर ४ही शून्य! गुणले की सगळेच पुसले जाते. क्षचा वर्ग = क घ्या. मुळे दोन, एक धन, एक ऋण. पण इथे +१ आणि −१ एकच, म्हणून दोन्ही मुळे कायमची चिकटलेली. उलट क्षचा वर्ग + क्ष = क घ्या. म हे एक मूळ असेल तर म + १ हे दुसरे (करून बघाच, दोन ओळींचे काम आहे), आणि क कितीही बदला, ती कधीच एक होत नाहीत. मुळे अशी सुटी राहणे यालाच 'सेपरेबल' म्हणतात.

आपल्या नेहमीच्या संख्यांत क बदलत नेला की अशी मुळे कुठेतरी एकमेकांना भेटतातच. इथे भेटत नाहीत. मग मुळांच्या अदलाबदलीचे कोणकोणते समूह असे मिळू शकतील? १९५७ साली अभ्यंकरांनी अंदाज मांडला: शून्य मानलेली मूळसंख्या प असेल, तर ज्यांची कोटी प-चा घात आहे अशा घटकांपासून तयार होणारे सगळे सांत समूह मिळतील. सिद्धता यायला १९९४ उजाडले. सरळ रेषेपुरती रेनो यांनी दिली, बाकी वक्रांसाठी हार्बेटर यांनी.

अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात असतानाच त्यांनी १९७६ साली पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान काढले. शाळेतल्या बीजगणितावर त्यांचा फार जीव. भारदस्त नव्या परिभाषेपेक्षा बहुपदींची उलथापालथ त्यांना प्यारी होती, आणि हे मला तरी त्यांच्या प्रमेयांहून जवळचे वाटते. असो. २०१२ साली ते गेले. ते टोकदार जागांचे कोडे या राज्यात तीन मितींपर्यंत सुटले आहे. चार मितींपासून पुढे ते अजून कुणालाच पुरते सुटलेले नाही.