पुण्याबाहेरचे इतिहासकार

मराठी इतिहाससंशोधनाची हकिगत सांगू लागले की पुण्याचे नाव प्रथम येते, आणि ते योग्यच आहे. पेशवे दफ्तर पुण्यात. १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ पुण्यात. १९१७ साली उभे राहिलेले भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरही पुण्यातच. परंतु ज्या माणसांनी ही विद्या प्रत्यक्ष उभी केली, त्यांचे पत्ते एकाखाली एक लिहून पाहिले तर वेगळाच नकाशा समोर येतो. वासुदेवशास्त्री खरे मिरजेस, दत्तात्रय बळवंत पारसनीस साताऱ्यास, विश्वनाथ काशिनाथ राजवाडे अखेरीस धुळ्यास, गोविंद सखाराम सरदेसाई आधी बडोद्यास व नंतर कामशेतला. ह्यांपैकी काहींनी पुणे सोडले, काहींनी ते जवळच केले नाही. असे का झाले, त्यातून त्यांना काय मिळाले आणि काय गमवावे लागले, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करायचा आहे.

हा विचार आमच्या मनात केवळ विद्याव्यासंग म्हणून आलेला नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. पंधराहून अधिक वर्षे पुण्यात शिकवीत आहोत. आम्हां दोघांपैकी एकाची नोकरी कायम आहे, दुसऱ्याची अद्याप तासिका तत्त्वावर. ज्याची नोकरी कायम नाही त्याची निवड आता धुळ्याच्या एका महाविद्यालयात पूर्णवेळ पदावर झाली आहे. जायचे तर दुसऱ्याला इथले पद सोडावे लागेल. २०११ च्या जनगणनेनुसार पुणे महापालिकेची वस्ती एकतीस लाखांवर आणि धुळ्याची पावणेचार लाख. स्नेही मंडळींचे म्हणणे असे, की चाळिशी उलटल्यावर अशा गावी जाणे म्हणजे लिहिण्यावाचण्याला रामराम ठोकणे. हे मत खरे की खोटे, हे तपासण्याचा आमच्या आवाक्यातला मार्ग म्हणजे आधी जे गेले त्यांचा इतिहास पाहणे.

पहिले उदाहरण खरेशास्त्र्यांचे. त्यांचा जन्म १८५८ साली गुहागरचा, शिक्षण साताऱ्याचे. काही काळ पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये काम करून ते मिरजेच्या शाळेत संस्कृतचे शिक्षक म्हणून गेले आणि तिथेच राहिले. मिरजेस ते गेले ते पोटापाण्यासाठी. कागद शोधायला नव्हे. पण मिरज हे पटवर्धनांचे संस्थान. पेशवाईच्या उत्तरार्धात दक्षिणेकडील मोहिमांचा, हैदर आणि टिपू ह्यांच्याशी झालेल्या युद्धांचा मोठा भार ज्या सरदारांनी वाहिला त्यांची हजारो पत्रे त्या परिसरात दप्तरांत बांधून पडलेली होती. त्यांतून १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ निघू लागला. त्याचे डझनाहून अधिक भाग प्रसिद्ध झाले. अखेरचे काही १९२४ साली खरेशास्त्री गेल्यानंतरचे. पानिपतनंतरच्या चाळीस वर्षांचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला हा संग्रह आजही ओलांडून जाता येत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. जुन्या घराण्यांची दप्तरे परक्या माणसाला सहजासहजी उघडून दाखवली जात नसत. त्यांत इनामांचे वाद असत, भाऊबंदकी असे, कर्जे असत. पुण्याहून दोन दिवसांसाठी आलेल्या संशोधकाच्या हाती फार तर चार निवडक पत्रे पडतील. जो गावातच राहतो, ज्याच्या हाताखाली गावातली मुले शिकतात, त्याच्यापुढे रुमाल सुटतात. खरेशास्त्र्यांना मिरजेने जे दिले ते दीर्घ वास्तव्याचे फळ होते, असे आम्हांस वाटते. त्यांनी ‘नाना फडणवीसांचे चरित्र’ लिहिले, नाटके लिहिली, इचलकरंजी संस्थानचा इतिहास लिहिला, आणि हे सारे शाळेची नोकरी सांभाळून. लहान गावात लेखन थांबते ह्या समजुतीला एवढे एक उदाहरणही पुरेसे उत्तर ठरावे.

तथापि खरेशास्त्र्यांच्या वाट्याला जो योग आला तो प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. म्हणून राजवाड्यांकडे वळू. राजवाडे मुळातच एका जागी राहणारे गृहस्थ नव्हते. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचा पहिला खंड निघाला तो वाईस सापडलेल्या कागदांच्या आधारे. पानिपतपूर्वीच्या दशकातील पत्रांचा तो खंड. पुढे मालेचे बावीस खंड झाले. त्यांसाठी ते गावोगाव हिंडले, बहुतेक वेळा पायी. तरुणपणीच पत्नी वारल्यावर त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. पुण्याच्या मंडळाच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता, पण मंडळाशी त्यांचे सूर फार काळ जुळले नाहीत. ते दूर झाले आणि आयुष्याच्या अखेरच्या पर्वात धुळ्यास जाऊन राहिले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचा मृत्यू झाला तो धुळ्यासच.

ही हकिगत सहसा रुसून गेलेल्या विद्वानाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. आम्हांस तिच्यातला दुसरा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. राजवाडे गेले ते धुळे म्हणजे काही ओसाड माळ नव्हता. तिथे १८९३ पासून सत्कार्योत्तेजक सभा होती. शंकर श्रीकृष्ण देव हे वकील गृहस्थ रामदासी वाङ्मयाची हस्तलिखिते मठामठांतून जमवीत होते. कल्याणस्वामींच्या हातची डोमगावची प्रत प्रमाण धरून त्यांनी सिद्ध केलेला दासबोध १९०५ साली प्रसिद्ध झाला होता. म्हणजे हस्तलिखित म्हणजे काय, ते कसे वाचावे, कसे जपावे, हे जाणणारी माणसे धुळ्यात आधीपासून होती. राजवाड्यांसारख्या तापट माणसाला सांभाळून घेण्याची तयारीही त्यांच्यापाशी होती.

त्याचे फलित राजवाड्यांच्या मृत्यूनंतर दिसले. १९२७ साली धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. राजवाड्यांचा संग्रह तिथे राहिला, मंडळाने ‘संशोधक’ हे नियतकालिक चालवले, आणि खानदेशाच्या इतिहासाचा विचार करणाऱ्याला जाण्यासाठी एक जागा तयार झाली. राजवाडे एकटे गेले आणि मागे संस्था राहिली, ती त्यांच्या करारी स्वभावामुळे नव्हे. गावातल्या चार जाणत्या माणसांनी जबाबदारी उचलली म्हणून राहिली.

ह्याच्या शेजारी पारसनीसांचे उदाहरण ठेवावे. पारसनीस पुण्याहून साताऱ्यास गेलेले नव्हेत. त्यांचे सारे कार्यच साताऱ्याशी बांधलेले. १८९४ साली झाशीच्या राणीचे चरित्र लिहिणारा हा तरुण पुढे ‘इतिहाससंग्रह’ मासिक चालवतो, किंकेडसाहेबांबरोबर मराठ्यांचा इंग्रजी इतिहास तीन खंडांत सिद्ध करतो, आणि कागद, चित्रे, जुन्या वस्तू ह्यांचा असा संग्रह उभा करतो की त्यासाठी साताऱ्यात संग्रहालय निघते. १९२६ साली, राजवाड्यांच्याच वर्षी, पारसनीस वारले. १९३९ साली डेक्कन कॉलेज संशोधनसंस्था म्हणून पुन्हा सुरू झाले आणि पारसनीसांचा संग्रह साताऱ्याहून पुण्यास त्या संस्थेकडे गेला.

ह्या स्थलांतरास दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. पुण्यास त्या कागदांना तज्ज्ञ मिळाले, याद्या झाल्या, अभ्यासक मिळाले. मात्र साताऱ्याच्या विद्यार्थ्याला साताऱ्यात जमलेले कागद पाहण्यासाठी पुण्याची वाट धरावी लागू लागली, हेही तितकेच खरे. शिवाय मोठ्या शहरात नेले म्हणजे सुरक्षित झाले, हे गृहीतकही तपासून घ्यायला हवे. ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला आणि ग्रंथांची व हस्तलिखितांची नासधूस झाली, ती पुण्याच्या मध्यवस्तीजवळच. सर्व ठेवा एका गावी आणून ठेवण्यात सोय आहे तसा धोकाही आहे. धुळे आणि सातारा ह्यांतील फरक गावांच्या आकाराचा नाही. एका ठिकाणी संग्रहामागे मंडळ उभे राहिले, दुसऱ्या ठिकाणी तो प्रामुख्याने एका कर्त्या पुरुषाच्या बळावर उभा होता.

सरदेसायांची गोष्ट आणखी निराळी. रत्नागिरी जिल्ह्यातला हा मुलगा १८८९ साली सयाजीरावांच्या सेवेत शिरला आणि छत्तीस वर्षे बडोद्यास राहिला. ‘मराठी रियासत’ आकारास आली ती तिथे, पुण्याच्या विद्वत्सभांपासून दूर. १९२५ साली निवृत्त झाल्यावर त्यांनी पुण्यास बिऱ्हाड केले नाही. कामशेत हे मावळातले, इंद्रायणीकाठचे लहानसे गाव त्यांनी निवडले, आणि १९५९ साली वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी ते गेले तेही तिथेच. जदुनाथ सरकार त्यांना भेटायला कामशेतला येत. उरलेला संवाद पत्रांतून चाले. पेशवे दफ्तराच्या कामावरून ह्या जोडीचे पुण्याच्या संशोधकांशी जे खटके उडाले ते सर्वश्रुतच आहेत. एका अर्थाने कामशेत हे त्या वादापासून हाताच्या अंतरावर राहण्याचे ठिकाण होते.

पण कामशेतचे कौतुक करताना दोन गोष्टी विसरून चालणार नाही. एक, कामशेत मुंबई-पुणे लोहमार्गावरचे स्टेशन आहे. पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड १९३० नंतरच्या काही वर्षांत सरदेसायांच्या संपादनाखाली निघाले. ते काम कामशेतला बसून होण्यासारखे नव्हते. दफ्तर पुण्यात होते आणि कामशेतहून गाडीने पुणे गाठता येत होते. दुसरी, त्यांचा योगक्षेम निवृत्त राजसेवकाचा होता. त्यांना कामशेतमध्ये नोकरी शोधायची नव्हती. खेड्यात राहून केंद्राशी संबंध राखण्याची ही किंमत त्यांना परवडणारी होती. धुळे पुण्यापासून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. सकाळी जाऊन संध्याकाळी परतावे असे ते अंतर नव्हे.

वाईचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. लक्ष्मणशास्त्री जोशी धुळे जिल्ह्यातील पिंपळनेरचे. विद्यार्थी म्हणून वाईस आले आणि प्राज्ञपाठशाळेचेच झाले. महाराष्ट्र राज्याने विश्वकोशाचे काम त्यांच्याकडे सोपवले तेव्हा कार्यालय मुंबईस वा पुण्यास न जाता वाईस राहिले. पहिला खंड १९७६ साली आला, विसावा २०१५ साली. विज्ञानापासून संगीतापर्यंतच्या विषयांचे संपादन कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी चार दशके चालले, आणि त्यासाठी संपादक मंडळींनी तिथे येऊन संसार थाटले. विलंबाबद्दल विश्वकोशावर टीका पुष्कळ झाली. परंतु गाव लहान म्हणून नोंदी उण्या उतरल्या, असा आक्षेप आमच्या तरी वाचनात नाही.

एवढ्या उदाहरणांत एक मोठी उणीव आहे आणि ती आमच्या निर्णयाच्या मुळाशीच भिडते. ही सर्व पुरुषांची चरित्रे आहेत. राजवाडे एकटे होते. इतरांच्या घरी कोण होते, बिऱ्हाड हलवताना त्यांना काय वाटले, नव्या गावात त्यांचा दिवस कसा जात असे, ह्याविषयी चरित्रग्रंथ फारसे बोलत नाहीत. ज्या काळात घरातल्या एकाच माणसाच्या कामाचा विचार करायचा असे, त्या काळाचे हे निर्णय. आज दोघांचीही कामे असतात, आणि एकाचे पद कायम होताना दुसऱ्याने तासिका तत्त्वावर उतरावे, असा हिशेब समोर येतो. पुण्यात आजवर जे एकाने सोसले ते धुळ्यात दुसऱ्याने सोसायचे, एवढाच बदल होणार असेल तर त्याला स्थलांतर म्हणावे की खांदेपालट, असा प्रश्न आम्ही एकमेकांना विचारला आहे. खरेशास्त्री किंवा सरदेसाई ह्यांच्याकडे त्याचे उत्तर नाही.

जे उत्तर मिळते ते मर्यादित आहे, पण निरुपयोगी नाही. लहान शहरात विद्या टिकते की नाही, हा प्रश्नच ढोबळ आहे. तिथे आधीपासून एखादी संस्था आणि चार जाणती माणसे आहेत का. त्या गावाजवळ असे काही आहे का जे पुण्यात बसून मिळणार नाही. आणि केंद्राशी संबंध ठेवण्याचे साधन परवडते का, असे तीन प्रश्न विचारावे लागतात. मिरजेने दुसऱ्याचे उत्तर दिले, धुळ्याने पहिल्याचे, कामशेतने तिसऱ्याचे. तिन्हींची उत्तरे होकारार्थी असलेले गाव ह्या इतिहासात सापडत नाही. पुणेही त्यात बसत नाही, कारण मिरजेचे रुमाल पुण्यात बसून सुटले नसते.

आजच्या धुळ्यापुरते पाहता पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आमच्या बाजूची आहेत. तिसऱ्याचे काम छापील ग्रंथांपुरते संगणकाने सोपे केले आहे. जुने ग्रंथ घरबसल्या वाचता येतात, विश्वकोशही पडद्यावर उघडतो. न छापलेल्या कागदांसाठी मात्र आजही बोरूचे अक्षर समोर घेऊनच बसावे लागते, आणि त्यांतले काही कागद धुळ्यातच आहेत. राहता राहिला तो चौथा, चरित्रांत नसलेला प्रश्न. त्यासाठी आम्ही असे ठरवले आहे की येत्या जूनमध्ये दोघांनीही धुळ्यास जायचे. मात्र ज्याचे पद कायम आहे त्याने राजीनामा न देता एक वर्षाची बिनपगारी रजा मागायची. रजा मंजूर होते की नाही ते मार्चअखेर कळेल. न झाल्यास राजीनाम्याचा विचार पुन्हा पहिल्यापासून करावा लागेल, आणि तो करताना राजवाड्यांचा दाखला एकमेकांना द्यायचा नाही, एवढे आमच्यात ठरले आहे.