मुंबई विमानतळ : टी1, टी2 आणि आता नवी मुंबई

साक्रीहून पिंपळनेर, सटाणा, नाशिकमार्गे मुंबई तीनशे किलोमीटरहून जास्त आहे. साक्रीत रेल्वे नाही, त्यामुळे प्रवासी एसटीने किंवा गाडीने रात्रीच निघतो. एवढा प्रवास करून चुकीच्या टर्मिनलवर उतरले तर विमान चुकू शकते. आंतरराष्ट्रीय उड्डाणांचे चेक-इन काउंटर साधारणतः एक तास आधी बंद होतात.

राज्याच्या राजधानीतला जुना विमानतळ म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ. 1999 मध्ये त्याला शिवरायांचे नाव मिळाले आणि 2018 मध्ये त्यात ‘महाराज’ हा शब्द जोडला गेला. त्याआधी तो सांताक्रूझ आणि सहार या नावांनी ओळखला जाई. जुनी माणसे आजही तसेच म्हणतात, आणि ही नावे उपयोगीही आहेत, कारण सांताक्रूझ म्हणजे टर्मिनल 1 आणि सहार म्हणजे टर्मिनल 2.

ही दोन टर्मिनल्स शेजारी-शेजारी नाहीत. सांताक्रूझची बाजू आधी वाढली. आंतरराष्ट्रीय प्रवाशांसाठी सहारला वेगळी इमारत 1981 मध्ये सुरू झाली. धावपट्ट्या दोघांच्या एकच, पण प्रवाशांची दारे दोन दिशांना. एकीकडून दुसरीकडे जायचे तर विमानतळाबाहेरून काही किलोमीटरचा वळसा पडतो. मुंबईच्या गर्दीत त्याला किती वेळ लागेल हे सांगणे कठीण.

परदेशी जायचे असेल तर या विमानतळावर टी2 हे एकच उत्तर. सध्याची इमारत 2014 मध्ये खुली झाली. छताला मोराच्या पिसाऱ्याची छटा आहे आणि आत ‘जय हे’ हा भारतीय कलावस्तूंचा मोठा संग्रह आहे. चेक-इन सर्वांत वर, चौथ्या मजल्यावर असते.

घोळ होतो तो देशांतर्गत प्रवासात. टी1 फक्त देशांतर्गत आहे, पण टी2 वरूनही देशांतर्गत विमाने सुटतात. एकाच कंपनीची काही विमाने इथून, काही तिथून, असेही असते. म्हणून कंपनीच्या नावावर विसंबू नये; तिकिटावरचा टर्मिनल क्रमांक वाचावा आणि निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा पाहावा. टी1 पाडून नव्याने बांधण्याची योजनाही जाहीर झालेली आहे.

नाशिकरोडहून रेल्वेने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरणाऱ्यांना मेट्रो 3 सोयीची. टी1 आणि टी2 ची स्थानके तिच्यावर वेगवेगळी आहेत.

इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. आजूबाजूला वस्ती असल्याने वाढायला जागाही नाही. म्हणूनच उलवे-पनवेल भागात नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ उभा राहिला. त्याचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले आणि 25 डिसेंबरपासून देशांतर्गत उड्डाणे सुरू झाली. आता तिकिटावर टर्मिनलच्याही आधी विमानतळ पाहावा लागतो. जुन्याचा संकेत ‘बीओएम’, नव्याचा ‘एनएमआय’. नाशिकहून येणाऱ्याचा रस्ता ठाणे-भिवंडीच्या आसपासच फुटतो, तेव्हा ड्रायव्हरला विमानतळाचे नाव निघतानाच सांगितलेले बरे.

साक्रीकरांना सुरतही आहे. नवापूरमार्गे ते मुंबईपेक्षा बरेच जवळ पडते आणि 2023 च्या अखेरीस तिथल्या विमानतळाला आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. मात्र तिथली परदेशी उड्डाणे मोजकीच आहेत.