नाव आणि वाट : पृष्ठशीर्षक व दुव्याच्या मजकुराचा मराठीच्या संदर्भात ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
ग्रंथालयात ग्रंथ आहे, परंतु तालिकेत त्याची नोंद नाही, तर वाचकाच्या दृष्टीने तो ग्रंथ नसल्यासारखाच असतो. महाजालावर या नोंदीचे कार्य प्रामुख्याने दोन घटक करतात. पहिला घटक म्हणजे पृष्ठाचे शीर्षक आणि दुसरा म्हणजे त्या पृष्ठाकडे नेणाऱ्या दुव्याचा मजकूर. शोधयंत्रात आपले पान वर यावे यासाठी हे दोन्ही कसे लिहावेत, हा विषय सामान्यतः जाहिरात व्यवसायाचा समजला जातो. प्रस्तुत निबंधात त्याचा विचार ज्ञानव्यवहाराच्या इतिहासाचा एक भाग म्हणून केला आहे.

१) पोथी ते कोश :
हस्तलिखित पोथीत ग्रंथाचे नाव बहुधा अध्यायाच्या अखेरीस, ‘इति श्री’ने आरंभ होणाऱ्या पुष्पिकेत येते. ग्रंथ कोणता, हे जाणण्यासाठी अभ्यासकाला शेवटचे पान उलटावे लागे. मुद्रणकलेने हे नाव मुखपृष्ठावर आणले. पुढे कोशवाङ्मयाने नावाला वाटेची जोड दिली. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड १९२० च्या दशकात प्रसिद्ध झाले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. विश्वकोशातील ‘पहा’ ही सूचना वाचकाला नेमक्या दुसऱ्या नोंदीकडे नेते. ‘पहा’ या शब्दापुढे नोंदीचे नाव नसेल, तर ती सूचना निरर्थक ठरेल. आज असंख्य संकेतस्थळांवर दिसणारे ‘येथे क्लिक करा’ हे नाव नसलेले ‘पहा’च होय.

२) शोधयंत्राची दृष्टी :
टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संशोधनसंस्थेत महाजालाचा प्रस्ताव मांडला. एचटीएमएल या खूणभाषेच्या आरंभीच्या मोजक्या खुणांमध्येच शीर्षक व दुवा यांना स्थान होते. ऑलिव्हर मॅकब्रायन यांच्या १९९४ च्या ‘वर्ल्ड वाइड वेब वर्म’ या शोधसाधनाने दुव्याच्या मजकुराचा उपयोग केला. सर्गेई ब्रिन व लॅरी पेज यांनी १९९८ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात ही कल्पना विस्ताराने मांडली. एखादे पान स्वतःविषयी जे सांगते त्यापेक्षा इतरांनी त्याकडे बोट दाखवताना वापरलेले शब्द पुष्कळदा अधिक नेमके असतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणून दुव्यातील शब्द ज्या पानावर दुवा आहे त्याच्याबरोबरच, ज्या पानाकडे तो नेतो त्याच्याही खाती जमा होऊ लागले. ज्या छायाचित्रात शोधयंत्राला वाचता येईल असा मजकूर नाही, तेही यामुळे सापडू शकले.

या व्यवस्थेचा गैरवापरही झाला. अनेकांनी मिळून ठरावीक शब्दांचे दुवे देऊन भलतेच पान वर आणण्याचे प्रकार घडले. त्यावरील उपाय गूगलने जानेवारी २००७ मध्ये जाहीर केला. पानाच्या अंतर्भागात लपवलेली बीजशब्दांची यादी क्रमवारीसाठी विचारात घेतली जात नाही, हे २००९ मध्ये स्पष्ट करण्यात आले. लपवलेल्या शब्दांचे मोल असे संपले. वाचकाला दिसणारे शीर्षक व दुव्याचा मजकूर यांचे महत्त्व मात्र टिकून राहिले.

३) मराठीपुढील विशेष प्रश्न :
महाजालाच्या आरंभकाळात पुष्कळसा मराठी मजकूर शिवाजी, श्रीलिपी यांसारख्या युनिकोडपूर्व फाँटांत लिहिला गेला. पडद्यावर देवनागरी दिसे, परंतु संगणकाच्या साठ्यात त्या जागी रोमन अक्षरांची व चिन्हांची संकेतमूल्ये असत. त्यामुळे देवनागरीत शोधणाऱ्यास तो मजकूर मिळत नसे. देवनागरीचा समावेश युनिकोडमध्ये १९९१ पासूनच होता. प्रत्यक्ष वापर रुजण्यास मात्र पुढे बराच काळ लागला.

दुसरा प्रश्न व्याकरणाचा आहे. मुरूम या गावाचेच उदाहरण घेऊ. लेखनविषयक नियमानुसार ‘मुरूम’ हे रूप दीर्घ होते, तर सामान्यरूपात ‘मुरुमात’ असा ऱ्हस्व उकार येतो. व्यवहारात ‘मुरुम’ हे लेखनही रूढ आहे. शिवाय रस्त्यावर पसरला जाणारा मुरूम वेगळाच! केवळ ‘मुरूमचा इतिहास’ असे शीर्षक शोधयंत्राला गाव आणि खडीमाती यांतील भेद सांगू शकत नाही. ‘मुरूम (ता. उमरगा, जि. धाराशिव) : स्थानिक इतिहास’ हे शीर्षक तो सांगते. येथे गावाचे नाव मूळ रूपात राहते आणि तालुका-जिल्ह्याने अर्थ निश्चित होतो. मराठी विकिपीडियातील निःसंदिग्धीकरण व पुनर्निर्देशन या सोयींमागेही हेच तत्त्व आहे.

तिसरा प्रश्न नामांतराचा आहे. जिल्ह्याचे ‘उस्मानाबाद’ हे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे ‘धाराशिव’ झाले. त्यापूर्वीचे गॅझेटिअर, अहवाल व प्रबंध जुन्या नावाने आहेत. नव्या पिढीचा विद्यार्थी नव्या नावाने शोध घेईल आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामावरील जुने लेखन त्याच्या दृष्टीआड राहील, हा धोका खरा आहे. मूळ साधनाचे शीर्षक बदलणे इतिहासशिस्तीला धरून होणार नाही. परंतु त्याकडे नेणाऱ्या दुव्याच्या मजकुरात ‘धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्हा’ अशी दोन्ही नावे देता येतात. मूळ साधनाला हात न लावता नव्या वाचकाला वाट दाखवण्याचे काम दुवा करू शकतो.

निष्कर्ष :
१. पृष्ठशीर्षक व दुव्याचा मजकूर ही पुष्पिका, तालिका व कोशातील ‘पहा’ यांच्या परंपरेतील साधने आहेत.
२. शीर्षकात विषय, स्थळ व काळ यांचा नेमका निर्देश असावा. दुवा असा लिहावा की तो संदर्भापासून वेगळा काढला तरी पुढे काय आहे ते कळावे.
३. महाविद्यालयीन नियतकालिकाचा संपूर्ण अंक एकाच फाइलमध्ये ‘अंक २’ अशा नावाने ठेवल्यास त्यातील प्रत्येक निबंध निनावी होतो. प्रत्येक निबंधास स्वतंत्र पृष्ठ व त्याचे स्वतःचे शीर्षक देणे हे संपादनाचेच काम मानावे.

सीमाभागातील लहान गावांवरील संशोधन मोठ्या शहरांतील ग्रंथालयांत क्वचितच पोहोचते. त्याच्यासाठी महाजाल हेच मुख्य ग्रंथालय आहे. तेथे त्याची नोंद योग्य नावाने करण्याची जबाबदारी ते संशोधन करणाऱ्या प्राध्यापकांनीच घ्यावयाची आहे.